सरासरी कोणाची? लखनौ, धारवाड आणि बुद्धिमापनाचा इतिहास

लखनौ शहराचे नाव निघाले की मराठी माणसाला पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची आठवण होते. १९२६ साली तेथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयाने हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणाला पाठ्यक्रमाची शिस्त दिली, आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकर यांनी अनेक वर्षे त्या संस्थेची धुरा वाहिली. त्याच शहरातील विद्यापीठात त्याच सुमारास दुसरे एक काम आकार घेत होते. त्याचा मराठी माणसाशी असलेला संबंध मात्र फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते काम मोजमापाचे होते. माणसांना मोजावे, मापांची सरासरी काढावी आणि त्या सरासरीवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही हे ठरवावे, असे त्याचे स्वरूप होते. शाळेच्या निकालपत्रकापासून मानसशास्त्रज्ञाच्या अहवालापर्यंत आज मुलांविषयी जे आकडे पालकांच्या हाती येतात, त्यांचा अर्थ लावण्याची रीत याच प्रकारच्या कामातून घडत गेली. म्हणून तिचा इतिहास थोडा मागून पाहणे उपयुक्त ठरते.

नाकाची मापे आणि जातींची शिडी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिझली या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या लोकांची शारीरिक मापे जमा केली. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आणि पुढे १९०८ सालच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या पुस्तकात त्याने असा सिद्धान्त मांडला की, नाकाच्या रुंदीचे लांबीशी असलेले प्रमाण घेऊन जातींचा क्रम लावला तर तो समाजातील प्रतिष्ठेच्या क्रमाशी जुळतो. प्रत्येक जातीसाठी त्याने एक सरासरी काढली आणि त्या सरासऱ्यांची शिडी उभी केली. एका जातीतील माणसांत आपापसांत किती फरक आहे, आणि दोन जातींची मापे एकमेकींत किती मिसळलेली आहेत, हे प्रश्न त्या शिडीच्या मांडणीत मागे पडले.

या सिद्धान्ताची कसून तपासणी करणाऱ्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये अग्रभागी होते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात रिझलीचीच आकडेवारी पुन्हा मांडून पाहिली. त्यांना असे आढळले की, जातीचा सामाजिक क्रम आणि शारीरिक मापे यांचा मेळ संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, काही प्रमाणात बसतो. इतर प्रांतांत तो बसत नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मण शरीराच्या मापांनी संयुक्त प्रांतातील ब्राह्मणापेक्षा आपल्याच प्रांतातील इतर जातींच्या अधिक जवळचा ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यता वंशभेदातून उद्भवली हे मत खोडून काढताना घुर्ये यांच्या याच आकड्यांचा आधार घेतला. सरासरीच्या कोष्टकावर उभी केलेली शिडी त्याच कोष्टकाच्या काळजीपूर्वक वाचनाने डळमळू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

यामुळे संयुक्त प्रांतातील मोजणीला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. लखनौ विद्यापीठात १९२८ पासून अध्यापन करणारे मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी १९४१ च्या जनगणनेच्या निमित्ताने या प्रांतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची मापे इत्यादी घेतली. या मापांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी केले. तिघांच्या नावाने तो अहवाल १९४९ साली ‘सांख्य’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महालनोबिस यांनी १९३६ साली दोन गटांमधील अंतर मोजण्याची एक पद्धती मांडली होती. तिचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ दोन सरासऱ्यांची वजाबाकी करत नाही. गटाच्या आत माणसे किती पांगलेली आहेत आणि एक माप दुसऱ्या मापाशी किती बांधलेले आहे, हे विचारात घेऊनच ती अंतर ठरविते.

या अहवालात गटांच्या सरासऱ्या एकसारख्या आढळल्या नाहीत. ब्राह्मण गट एकमेकांजवळ, कारागीर जाती मध्यभागी आणि आदिवासी जमाती काहीशा दूर, अशी मांडणी दिसली. परंतु याच आकडेवारीतील ब्राह्मण, कारागीर आणि कोरवा जमात असे तीन गट घेऊन राव यांनी १९४८ साली वेगळाच प्रश्न सोडविला: समोर आलेली एक व्यक्ती कोणत्या गटातील आहे हे तिच्या मापांवरून कसे ठरवावे? कोणताही नियम लावला तरी काही व्यक्ती चुकीच्या गटात जाणारच, हे त्या पद्धतीत आरंभापासून मान्य केलेले असते. चुका कमीत कमी कशा ठेवाव्यात एवढाच प्रश्न उरतो. गटाविषयीचे विधान आणि व्यक्तीविषयीचे विधान ही दोन वेगळी विधाने आहेत, ही गोष्ट या कामाने गणिताच्या भाषेत पक्की केली. बुद्धीच्या मोजमापात याच भेदाचा विसर अनेकदा पडला आणि त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागले.

‘सरासरी माणूस’ आणि त्याच्या भोवतीची माणसे

सरासरीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बेल्जियमच्या अॅडॉल्फ केतले या खगोलशास्त्रज्ञाने. ताऱ्याचे स्थान अनेक वेळा मोजले तर प्रत्येक मोजणीत लहानसहान चूक होते, पण त्या चुका खऱ्या स्थानाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रीतीने पसरतात, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होते. लहान चुका पुष्कळ, मोठ्या चुका विरळ. आलेख काढला तर घंटेसारखा आकार दिसतो. केतलेने हीच दृष्टी माणसांना लावली. १८३५ साली त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली आणि पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराची मापे घेऊन तीही त्याच घंटाकृती वक्रात बसतात हे दाखविले. त्याच्या दृष्टीने सरासरी हा निसर्गाचा आदर्श होता आणि तिच्यापासून दूर असलेली माणसे म्हणजे त्या आदर्शाची चुकलेली प्रत.

इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने हा दृष्टिकोन उलटा केला. त्याला सरासरीपेक्षा तिच्यापासूनचे अंतर महत्त्वाचे वाटत होते. १८६९ साली त्याने माणसांच्या बुद्धीचेही वितरण घंटाकृतीच असले पाहिजे असे गृहीत धरून तिचे दर्जे पाडले. त्याने १८८६ साली आईवडील व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासातून दाखविलेली एक गोष्ट आजही शास्त्रात टिकून आहे: फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आईवडिलांइतकी उंच नसतात, ती सर्वसाधारण उंचीकडे थोडी परततात. मात्र श्रेष्ठ व कनिष्ठ माणसांचे वंशनियमन करावे हा विचारही गाल्टनचाच, आणि त्याने पुढे जगाचे मोठे नुकसान केले. मोजमापाचे साधन आणि त्यामागचा हेतू यांचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवावा लागतो, असे हा इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो.

पॅरिसची कसोटी, अमेरिकेचा अंक

बुद्धिमापनाची पहिली व्यवहारोपयोगी कसोटी १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी तयार केली. तिचा हेतू मर्यादित होता. सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी आणि ज्यांना निराळे शिक्षण हवे अशी मुले ओळखावीत, म्हणजे त्यांना मदत करता येईल. १९०८ च्या आवृत्तीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. आठ वर्षांची बहुसंख्य मुले जे प्रश्न सोडवितात ते सोडविणाऱ्या मुलाचे मानसिक वय आठ. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते या मताला बिनेचा विरोध होता. योग्य सरावाने ती वाढविता येते असे तो मानत असे.

१९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली. १९१६ साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मनने बिनेची कसोटी कॅलिफोर्नियातील मुलांवर प्रमाणित करून त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि ‘बुद्ध्यंक’ रूढ झाला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा असेल तर त्याचा बुद्ध्यंक १२५. हिशेब सोपा असल्याने तो झपाट्याने पसरला आणि बिनेच्या सावधगिरीकडे दुर्लक्ष झाले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांहून अधिक सैनिकांच्या सामूहिक बुद्धिकसोट्या घेतल्या. त्यावरून असा निष्कर्ष पसरला की सरासरी अमेरिकन प्रौढाचे मानसिक वय जेमतेम तेरा आहे. देशभर खळबळ उडाली. १९२२ साली वॉल्टर लिपमन या पत्रकाराने एका लेखमालेत या निष्कर्षातील मूलभूत विसंगती दाखविली. प्रौढांची सरासरी बुद्धी ही प्रौढांच्या सरासरी बुद्धीपेक्षा कमी कशी असू शकेल? झाले होते ते एवढेच की, प्रौढाचे मानसिक वय सोळा मानावे हे कॅलिफोर्नियातील थोड्या लोकांवरून आधी ठरविले गेले होते, आणि लाखो सैनिकांचे गुण त्या मापाला जुळले नाहीत. दोष लाखो माणसांत असण्यापेक्षा मापात असण्याचा संभव अधिक होता.

धारवाडची मुले आणि मराठीतील कसोटी

हिंदुस्थानात हा प्रश्न अधिकच बिकट होता. परदेशी मुलांसाठी घडविलेले प्रश्न येथील मुलांना जसेच्या तसे विचारले तर कमी गुणांचा अर्थ काय लावायचा? प्रश्नातील नाणे मुलाने पाहिलेले नाही, चित्रातील वस्तू त्याच्या घरात नाही, शब्दाचा प्रतिशब्द त्याच्या बोलीत निराळ्या वजनाचा आहे. अशा वेळी कसोटी बुद्धी मोजते की परिचय? लाहोर येथे सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानी मुलांसाठी केलेली बिने कसोटीची आवृत्ती १९२९ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर पाच वर्षांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला, कन्नड आणि मराठी भाषा शेजारी नांदतात अशा धारवाडच्या परिसरात, व्ही. व्ही. कामत यांनी हे काम मराठी मुलांसाठी केले.

कामत यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीचे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केलेले संस्करण १९३४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात मांडले गेले. हजाराहून थोड्या अधिक मुलांवर प्रश्न तपासून त्यांनी ते वयानुसार लावले होते. १९४० साली त्यांचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती पुढे देशभरातील रुग्णालयांत व बालमार्गदर्शन केंद्रांत अनेक दशके वापरली गेली.

अशा कामाचे मर्म भाषांतरात नसून क्रम नव्याने लावण्यात असते. प्रश्नाचे मराठीकरण केले म्हणजे तो त्याच वयाचा राहतो असे नाही. परदेशी सात वर्षांच्या मुलाला सोपा वाटणारा प्रश्न येथील नऊ वर्षांच्या मुलाला जड जाऊ शकतो, आणि तिकडचा कठीण प्रश्न इकडे सहजसोपा ठरू शकतो. तो कोणत्या वयाचा आहे हे मराठी मुलांनाच विचारून ठरवावे लागते. मराठी मुलाची तुलना कॅलिफोर्नियाच्या सरासरीशी न होता त्याची भाषा बोलणाऱ्या, त्याच्यासारख्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या सरासरीशी व्हावी, हा या खटाटोपाचा गाभा. मातृभाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही साधी न्यायाची गोष्ट होती.

पुढे महाराष्ट्रात या परंपरेला आणखी शाखा फुटल्या. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करून बुद्धिमान विद्यार्थ्यांची निवड व शिक्षण हे कार्यक्षेत्र मानले. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्स्लरच्या कसोटीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले. १९६९ पासून ते ‘मालिन कसोटी’ म्हणून ओळखले जाते.

उत्तर प्रदेशातील दोन सरासऱ्या

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशाने शिक्षणक्षेत्रात मानसशास्त्राचा उपयोग करण्यासाठी अलाहाबाद येथे १९४७ साली मानसशास्त्र विभाग स्थापन केला. तेथे काम करणारे चंदर मोहन भाटिया यांच्यापुढे एक अडचण होती. खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांनी शाळाच पाहिलेली नव्हती. त्यांना लेखी कसोटी देणे निरर्थक, आणि तोंडी कसोटीही शब्दज्ञानावर बरीच अवलंबून असते. त्यांनी हाताने करावयाच्या पाच कृतींची कसोटी रचली. रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करणे, लहान पेटीतील ठोकळे सरकवून ठरलेल्या जागी आणणे, आकृत्या काढणे, ऐकलेले लगेच आठवून सांगणे आणि तुकड्यांतून चित्र जुळविणे अशा त्या कृती होत्या. ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी असलेली ही कसोटी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

तिच्या प्रमाणीकरणासाठी निवडलेल्या १,१५४ मुलांपैकी ६४२ साक्षर आणि ५१२ निरक्षर होते, आणि भाटिया यांनी या दोन गटांसाठी गुणांची स्वतंत्र कोष्टके दिली. निरक्षर मुलाचे गुण त्याच्यासारख्याच निरक्षर मुलांशी ताडून पाहावयाचे. दोन गटांना एकाच कोष्टकात कोंबले असते तर शाळेची संधी न मिळालेला मुलगा बुद्धीने उणा ठरला असता. अक्षर न शिकलेल्या मुलाच्या हाताने केलेल्या कृतीतही शाळेचा अप्रत्यक्ष प्रभाव असतो, ही गोष्ट या निर्णयात मान्य झाली होती. कोणतीही सरासरी आभाळातून पडत नाही. ती विशिष्ट प्रदेशातील, विशिष्ट काळातील, विशिष्ट मुलांची असते.

आकड्याच्या आत काय असते

आता हा अंक नेमका कसा वाचावा ते पाहू जाता पहिली गोष्ट सरासरीविषयीच ध्यानात घ्यावी लागते. पाच विद्यार्थ्यांना ३५, ४०, ४५, ५० आणि ९५ गुण मिळाले तर सरासरी ५३ येते आणि पाचांपैकी चौघे तिच्या खाली राहतात. मधल्या विद्यार्थ्याचे गुण, म्हणजे मध्यांक, ४५. निम्मी मुले सरासरीच्या खाली असतात असे सरसकट म्हणता येत नाही. मध्यांकाविषयी ते म्हणता येते. तसेच ५८, ६०, ६२ आणि २०, ६०, १०० या दोन्ही वर्गांची सरासरी ६०, पण दोन्ही वर्गांना शिकविण्याचे काम सर्वस्वी निराळे. सरासरीबरोबर पसाराही सांगितला पाहिजे. तो सांगणाऱ्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात.

टर्मन व कामत यांच्या पद्धतीतील भागाकारी बुद्ध्यंकाची मोठी उणीव येथेच होती. स्टॅनफर्ड कसोटीच्या १९३७ च्या आवृत्तीत प्रमाण विचलन वयानुसार सुमारे १२ पासून २० पर्यंत बदलत असे. विचलन साडेबारा असलेल्या वयात १२५ हा अंक शंभरात दोघांना मिळेल. विचलन वीस असलेल्या वयात तोच अंक शंभरात दहांना मिळेल. अंक एक, अर्थ दोन. प्रौढांच्या बाबतीत तर भागाकार निरर्थकच होतो, कारण मानसिक वय वर्षागणिक वाढत राहत नाही. म्हणून डेव्हिड वेक्स्लरने १९३९ साली प्रौढांच्या कसोटीत भागाकार सोडला. समवयस्कांची सरासरी १०० मानावी आणि प्रमाण विचलन १५ धरून प्रत्येकाचे स्थान सांगावे, ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

या रीतीने एक हजार मुलांची मांडणी केली तर सुमारे ६८० मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. ७० ते १३० या पट्ट्यात साडेनऊशेहून अधिक मुले येतात. १३० च्या वर साधारण २३ आणि ७० च्या खाली तितकीच. १४५ च्या वर हजारात एखाददुसरे. हे आकडे पाहून निसर्गानेच बुद्धी अशी वाटली आहे असे वाटण्याचा संभव आहे. पण येथे सावध राहावे लागते. प्रश्नांची निवड आणि गुणांचे रूपांतर करतानाच वितरण घंटाकृती येईल अशी व्यवस्था केलेली असते. सरासरी १०० आहे, कारण ती १०० ठरविली आहे.

दुसरी गोष्ट गटांच्या तुलनेची. समजा, दोन गटांच्या सरासऱ्यांत तीन गुणांचा फरक आहे, एकाची १०० आणि दुसऱ्याची १०३. दोन्हींतून एकेक मूल सहज उचलले, तर कमी सरासरीच्या गटातील मूल अधिक गुणांचे निघण्याचा संभव शंभरात ४४ इतका असतो. गटाचे नाव ऐकून मुलाविषयी अंदाज करणे जवळजवळ नाणे उडविण्यासारखेच. परंतु याच दोन गटांतून केवळ १३० च्या वरची मुले निवडली, तर एका गटातून हजारी २३ आणि दुसऱ्यातून हजारी ३६ मुले निघतील, म्हणजे दीडपटीहून अधिक. मध्यभागी नगण्य असलेला फरक टोकाला मोठा दिसतो. गुणवत्ता यादीवरून संपूर्ण शाळेची, माध्यमाची किंवा समाजाची प्रत ठरविणारे या भ्रमाला बळी पडतात. यादी टोकाची असते आणि शाळा मधल्या मुलांची.

तिसरी गोष्ट चुकीच्या अंशाची. चांगल्यातल्या चांगल्या कसोटीतही मुलाचा थकवा, भीती, तपासनिसाची वागणूक यांमुळे काही गुण पुढेमागे होतात. कसोटीची विश्वसनीयता ०.९० असेल, तर ११८ अंक मिळालेल्या मुलाचा खरा अंक साधारणपणे १०९ ते १२७ यांच्या दरम्यान कोठेतरी असतो. १४० अंक मिळविलेल्या मुलांच्या गटाची पुन्हा कसोटी घेतली तर त्यांची सरासरी १३६ च्या आसपास येईल. गाल्टनने उंचीत पाहिलेले परतणे येथेही दिसते. पहिल्या चाचणीत अव्वल आलेला विद्यार्थी दुसऱ्या चाचणीत थोडा खाली आला की घरात ‘अभ्यासातले लक्ष उडाले’ असे म्हटले जाते, आणि शेवटचा विद्यार्थी थोडा वर आला की रागावण्याचा उपयोग झाला असे वाटते. दोन्ही वेळा कारण बहुधा एकच असते: टोकाच्या गुणांत नशिबाचाही वाटा असतो आणि तो दर वेळी पुन्हा मिळत नाही.

चौथी गोष्ट काळाची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्धिकसोट्यांवरील सरासरी कामगिरी जवळजवळ १४ गुणांनी वाढली. १९८७ साली त्यांनी चौदा देशांतील अशीच वाढ नोंदविली. एवढ्या अल्पकाळात वंश बदलत नाही. शिक्षण, आहार, लहान कुटुंबे, आकृत्या व खुणांशी वाढलेला परिचय यांचाच हा परिणाम असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. बुद्धी मोजणाऱ्या कसोटीवरची कामगिरी परिस्थितीबरोबर बदलते, हे बिनेचे म्हणणे अशा रीतीने आकड्यांनीच पुढे आणले. त्याचा व्यावहारिक परिणामही मोठा आहे. दर दशकात तीन गुण या वेगाने वीस वर्षे जुन्या कोष्टकावर ७४ मिळविणारे मूल नव्या कोष्टकावर ६८ वर येईल. ७० ही मर्यादा मानून विशेष शिक्षण किंवा सवलत दिली जात असेल, तर जुनी कोष्टके वापरल्याने त्या मुलाला मिळावयाची मदत मिळणार नाही. १९३४ साली धारवाडच्या मुलांवर बेतलेली कोष्टके अनेक दशकांनंतरच्या मुलांना लावण्यात हाच धोका होता. त्यात कामतांच्या कामाचे उणेपण नाही, कोष्टके नूतन न करणाऱ्यांचा आळस आहे.

पालकांच्या हाती आलेला कागद

बुद्ध्यंक निरुपयोगी आहे असा या इतिहासाचा अर्थ नाही. शालेय अभ्यासात कोणाला अडचण येईल याचा अंदाज तो बऱ्यापैकी देतो, आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाची अडचण आकलनाची आहे की अक्षरओळखीची, हे शोधण्यास तो साहाय्य करतो. बिनेने कसोटी केली ती याचसाठी. ज्या ज्या वेळी मदतीसाठी केलेले माप माणसांना पायऱ्यांवर बसविण्यासाठी वापरले गेले, त्या त्या वेळी ते फसले: रिझलीच्या कोष्टकांत, अमेरिकी सैनिकांच्या अहवालात आणि गाल्टनच्या अनुयायांच्या हातात.

म्हणून मुलाविषयीचा अहवाल हाती आला की पालकांनी तपासनिसाला काही साधे प्रश्न विचारणे योग्य ठरते. कसोटी कोणती आणि तिची कोष्टके कोणत्या सालची? ती कोणत्या प्रदेशातील, कोणत्या भाषेतील मुलांवर बेतली आहे? कसोटी मुलाच्या मातृभाषेतून घेतली का? अंकाबरोबर चुकीचा पट्टा दिला आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, या अंकाच्या आधारे मुलासाठी आता काय करावयाचे आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर अंक काढण्याचे प्रयोजनच उरत नाही.

साठ वर्षांच्या वाटचालीत कोणत्याही शाळेतून हजारो मुले बाहेर पडतात. त्यांच्यातील काहींची नावे फलकावर लागतात आणि बहुतेकांची लागत नाहीत. वितरणाचा नियम सांगतो की मोठा समुदाय नेहमी मध्यभागीच असतो. गावाचा दवाखाना, दुकान, शेती, कारखाना आणि शाळा हाच समुदाय चालवितो. भाटिया यांच्या नमुन्यातील त्या ५१२ मुलांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. तरी रंगीत ठोकळे समोर ठेवल्यावर त्यांतील प्रत्येकाने नक्षी जुळविण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नांची नोंद एका स्वतंत्र कोष्टकात झाली. त्यांना वाचता येत नाही म्हणून त्यांना मोजणीतून वगळण्यात आले नाही, आणि वाचता येणाऱ्यांच्या सरासरीने त्यांचा निवाडाही झाला नाही.